वासाला बंदी नव्हती

"ठेव ती खाली," सोलकरचाचा म्हणाले. "शैलेश, ऐक माझं. ठेव."

मी ठेवली नाही. साओ पावलोच्या विमानतळावरच्या ड्यूटी-फ्री दुकानात मी सेंटच्या कपाटासमोर उभा होतो आणि माझ्या हातात एक चौकोनी हिरवी बाटली होती.

"मुरकर हीच घ्यायचा," मी म्हटलं.

"ठाऊक आहे मला. म्हणूनच सांगतोय. गेलेल्या माणसाची खरेदी आपण करू नये."

यशवंत मुरकर आमच्या जहाजावर इंजिनरूममध्ये ऑइलर होता. मी गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, कुक. इस्माईल सोलकर आमचे सारंग, डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम. वयाने मोठे, म्हणून आम्ही दोघं त्यांना चाचा म्हणायचो. आम्ही तिघंही रत्नागिरी जिल्ह्यातले. तिघांचं कॉन्ट्रॅक्ट एकदमच संपत होतं आणि कंपनीने तिघांची तिकिटंही एकदमच काढली होती. ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरायचं, मोटारीने साओ पावलोला यायचं, तिथून युरोपात विमान बदलून मुंबई.

बंदर थोड्या दिवसांवर आलं असताना एका सकाळी मुरकर ड्यूटीवर आला नाही. केबिनमध्ये नव्हता. इंजिनरूममध्ये नव्हता. जहाजाचा कोपरान् कोपरा शोधला. मग कप्तानाने जहाज मागे वळवलं. समुद्र आदल्या संध्याकाळपासून खवळलेला होता, डेकवर पाणी येत होतं. सोलकरचाचा दुर्बीण डोळ्यांना लावून रेलिंगपाशी उभे राहिले ते दिसेनासं होईपर्यंत. मी त्यांना दोनदा चहा नेला, दोन्हीदा तो तसाच परत आणला. काही सापडलं नाही. कंपनीने त्याच्या घरी फोन केला आणि 'बेपत्ता' असा शब्द वापरला.

त्याचं सामान कप्तानाने सील करून कंपनीच्या ताब्यात दिलं. मला बोलावून म्हणाला, "तू त्याच्या भागातला आहेस. घरी जाऊन ये. फोनवर सांगणं वेगळं, माणूस जाणं वेगळं." मी हो म्हटलं. आता जायचं ते रिकाम्या हाताने कसं, हे मला सांतोसपासून खात होतं. आणि इथे दुकानात शिरल्या शिरल्या समोर ती बाटली.

मुरकरचा एक रिवाज होता. जहाजावर तो कधी सेंट लावत नसे. "इथे डिझेलला कशाला लाजवायचं?" म्हणायचा. पण प्रत्येक वेळी घरी परतताना विमानतळावर तो ही एकच बाटली घ्यायचा, आणि मुंबई जवळ आली की विमानाच्या संडासात जाऊन मानेला, मनगटांना लावून यायचा. सुट्टीभर तीच पुरवायचा. मागे एकदा आम्ही बरोबर परतलो होतो तेव्हा मी त्याची थट्टा केली होती. तो म्हणाला, "आमच्या घरी मी दिसायच्या आधी हा वास पोचतो. बायको चहाचं आधण ठेवते."

"आणि सांगणार काय तिला?" चाचांनी विचारलं.

"त्यानेच घेऊन ठेवली होती म्हणेन. आधीच."

"खोटं."

"मग काय नेऊ? तुम्हीच सांगा."

चाचा बाहेर जाऊन बाकावर बसले.

काउंटरवरच्या मुलीने बाटली जाड प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घातली, पावती दिसेल अशी आत ठेवली आणि पिशवीचं तोंड लाल पट्टीने चिकटवून टाकलं. घरी पोचेपर्यंत उघडायची नाही, असं तिने खुणेने बजावलं. मी विचारलं, "पुढे विमान बदलायचं आहे, चालेल ना?" तिने हसून मान डोलावली. तिला माझं इंग्रजी कळलं होतं की नाही, कोण जाणे.

विमानात शिरताना दारातल्या बाईने आमचे पास बघितले, हातातल्या कागदावर बोट फिरवलं आणि विचारलं, "तुमच्याबरोबरचे तिसरे? मिस्टर मुरकर?"

"नाही येणार," चाचा म्हणाले.

आमच्या दोघांच्या मधली खुर्ची रिकामीच राहिली. मी पिशवी तिथे ठेवणार होतो. चाचांनी ती माझ्या हातून घेतली आणि पायाशी ठेवली.

युरोपात उतरलो तर विमान बदलायच्या आधी पुन्हा तपासणी. पट्टे काढा, बूट काढा, ट्रे घ्या. मी पिशवी ट्रेमध्ये सगळ्यांत वर ठेवली, सील दिसेल अशी. ट्रे यंत्रात गेला आणि बाहेर येताना बाजूच्या पट्ट्यावर वळला. तिथे रबरी हातमोजे घातलेली एक पिकल्या केसांची बाई उभी होती.

"ही कुठे घेतली?" तिने विचारलं.

"ब्राझील. विमानतळावर. पावती आत आहे बघा. पिशवी उघडलेली नाही."

"पिशवी व्यवस्थित आहे. पण तिथली पिशवी आम्हाला चालत नाही."

"दुकानातली मुलगी म्हणाली, चालेल."

"तिथून थेट घरी गेला असतात तर चाललं असतं. इथे तुम्ही दुसऱ्या विमानात चढताय. शंभर मिलीच्या वरचं काहीही पुढे जाणार नाही." तिने बाटलीवरचा आकडा मला दाखवला. आवाजात जराही तिखटपणा नव्हता. "बाहेर जाऊन सामानात टाकू शकता."

आमचं सामान थेट मुंबईला चढलेलं होतं, आणि बाहेर पडायला आम्हाला व्हिसा नव्हता. मी ते सांगितलं. तिने बाजूच्या उंच पिंपाकडे बघितलं. त्यात दारूच्या बाटल्या होत्या, मधाची बरणी होती, लहान मुलाच्या औषधासारखं काहीतरी होतं.

"मॅडम," मी म्हटलं, "ही माझी नाही. माझ्या मित्राची आहे. तो समुद्रात गेला. त्याच्या बायकोसाठी नेतोय."

"वाईट वाटतं," ती म्हणाली. "पण मला सोडता येणार नाही."

मागे रांग खोळंबली होती. कोणीतरी चुकचुकलं. मी बाटली घेऊन पिंपाशी गेलो, पण हात आत जाईना. तेवढ्यात चाचा अनवाणीच माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि त्या बाईला म्हणाले, "स्मेल अलाउड, मॅडम?"

तिला कळलं नाही. चाचांनी नाक दाखवलं, माझी छाती दाखवली. "बॉटल नॉट अलाउड. ओके. स्मेल? स्मेल अलाउड?"

"वासाला बंदी नाही," ती म्हणाली.

चाचांनी पिशवी माझ्या हातून ओढून घेतली, दातांनी फाडली, बाटलीचं झाकण काढलं आणि माझ्यावर फवारायला सुरुवात केली. माझ्या अंगात कंपनीचं गडद निळं जॅकेट होतं, आम्हा सगळ्यांना मिळालेलं. त्याची कॉलर, छाती, बाह्या, पाठ. मला खांद्याला धरून वळवलं आणि पुन्हा पाठ. लोक खोकायला लागले. एक पोरगी हसली. "घेतलीच आहेस ना," चाचा म्हणत होते, "घेतलीच आहेस तर फुकट कशाला घालवायची? ने. वास ने." त्यांचे डोळे भरून वाहत होते. दुर्बिणीमागे ते रडले होते का, मला माहीत नाही. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

"पुरे आता, प्लीज," ती बाई म्हणाली. तिने त्यांच्या हातून बाटली हळूच काढून घेतली आणि पिंपात टाकली नाही, कडेला उभी करून ठेवली.

पुढच्या विमानात शेजारचा माणूस जागा बदलून गेला. मला झोप लागली. मध्येच जाग आली तेव्हा मुरकर शेजारी येऊन बसलाय अशी माझी खात्री होती. मी मान वळवायला घाबरलो. वास माझाच आहे हे डोक्याने कळत होतं, तरी मी बराच वेळ सरळ समोर बघत बसलो.

मुंबईला उतरेपर्यंत मात्र मला तो वास येईनासा झाला होता. नाकाला सवय झाली. चाचांना मी म्हटलं, "चला ना बरोबर." ते म्हणाले, "माझ्याने नाही व्हायचं, बाबा. मी त्याला शोधायला उभा होतो. तिने मला विचारलं, नीट बघितलंत का, तर मी काय सांगू?" ते रत्नागिरीच्या गाडीत बसले, मी गुहागरच्या. गारठा होता, म्हणून जॅकेट अंगातच राहिलं.

मुरकरचं घर गुहागरच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. फाट्यावर उतरून चालत गेलो तेव्हा सकाळ चांगलीच वर आली होती. जुनं कौलारू घर, आणि त्याला लागून नव्याचे नुसते खांब उभे होते, वर लोखंडी सळ्या निघालेल्या. वारा खाडीकडून घराकडे, माझ्या पाठीमागून वाहत होता. मी पडवीत चढलो, वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागलो. आत कोणीतरी नारळ खोवत होतं. तो आवाज थांबला.

"आलात?"

बाजारातून परतलेल्या माणसाला विचारावं तसं.

"अहो, कळवायचं तरी."

आणि ती बाहेर आली, बोटांना खोबरं लागलेलं. मी वाकलेलाच होतो, निळ्या जॅकेटमध्ये. मी सरळ झालो. तिने माझा चेहरा बघितला.

"वहिनी, मी शैलेश खातू. मुरकरच्या जहाजावर..."

"माहीत आहे. फोनवर तुमचं नाव निघायचं." तिने दाराची चौकट धरली होती. तिचं नाव दर्शना. मुरकर नेहमी 'आमची दर्शना' म्हणायचा, नुसतं 'बायको' क्वचित. "हा वास कुठून आला?"

मग मी सगळं सांगितलं. दुकान, पिशवी, ती हातमोजेवाली बाई, चाचा. त्याने आधीच घेऊन ठेवली होती, हे सांगायला आता बाटलीच नव्हती. ती माझ्याकडे न बघता ऐकत होती. मधूनच खोल श्वास घ्यायची आणि तो सोडायला वेळ लावायची.

"सासूबाई देवळात गेल्यात," शेवटी ती म्हणाली. "केतकी शाळेत आहे. घरात कोणी नाही. भाऊजी, एक कराल माझ्यासाठी?"

"सांगा ना."

"त्या खुर्चीत बसा. तोंड अंगणाकडे करून. मागे बघू नका. मी चहा ठेवते. मी बोलेन, तुम्ही काही बोलायचं नाही. चालेल?"

मी बसलो. अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. मागे स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा आला.

"केतकीचा पुढचा दात पडला," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "कौलावर टाकायला तयार नाही. म्हणते, बाबांना दाखवून मग टाकीन. डबीत ठेवलाय. बाराचा पाढा अजून येत नाही. तुमच्यावर गेलीय त्यात.

"आईंचे गुडघे दुखतात, तरी रोज टेकडीवरच्या देवीला जातात. तुमच्यासाठी नवस बोलल्यात. म्हणतात, माझा पोर खाडीत वाढलेला आहे, पाण्यात मरायचा नाही, कुठल्यातरी बेटाला लागला असेल. मी नाही म्हणत नाही. हो पण म्हणत नाही.

"मागच्या रायवळ आंब्याला यंदा मोहोर आलाय. तुम्ही तोडू या म्हणत होतात ना? बघा आता."

साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं.

"त्या दिवशी फोनवर मी वाईट बोलले. तुम्ही म्हणालात, आता पुन्हा जहाज नको, इथेच होडी घेतो, मच्छी करतो. आणि मी म्हटलं, खांब उभे करून ठेवलेत त्यांवर काय कावळे बसवायचे? स्लॅब पडेपर्यंत अजून एकदा जा. तुम्ही काही बोललाच नाहीत. बरं म्हणालात आणि ठेवलात."

स्टोव्हचा आवाज येत राहिला.

"रागावलात का?"

मी कोंबडीकडे बघत होतो.

"अहो. सांगा ना. पाय घसरला, की... मुद्दाम गेलात?"

त्या फोनची मला आठवण होती. जहाजावरचा फोन गॅलीच्या बाहेरच होता. बोलणं संपवून मुरकर आत आला, बटाट्याच्या गोणीवर बसला आणि म्हणाला, "अजून एक ट्रिप, खातू." आणि हसला. मी पीठ मळत होतो. मी म्हटलं, "मग करू की," आणि तो पुन्हा हसला, उठून गेला. ती त्याची माझी शेवटची भेट. कप्तानाच्या चौकशीत मला विचारलं, तो नेहमीसारखा होता का? मी म्हटलं, हसत होता. ते खरंच होतं. पण कसा हसला, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. कधी वाटतं, बायकोचं ऐकावं लागतं म्हणून माणूस हसतो तसा हसला. कधी मध्येच जाग येते आणि वाटतं, नाही, ते तसं नव्हतं.

मला बोलायचं नाही असं तिने सांगितलं होतं. मागे ती थांबून राहिली होती. चहा उकळून भांड्याच्या काठाशी आल्याचा आवाज येत होता, तरी ती स्टोव्ह बारीक करत नव्हती. आणि मुंबईपासून मला न आलेला तो वास तेव्हा एकदम आला, इतका जवळून की माझ्या खुर्चीच्या पाठीवर कोणीतरी हात ठेवून वाकलंय असं वाटलं.

"नाही," मी म्हटलं. "पाय घसरला."

कोणाचा, ते म्हटलं नाही.

चहा उतू गेला. स्टोव्ह चरचरला आणि विझला. मी मागे बघितलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला, पुन्हा स्टोव्हला पंप मारल्याचा आला. शेवटी ती पुढे आली आणि माझ्यासमोर कपबशी धरली.

"घ्या, भाऊजी. साखर पुढे-मागे झाली असेल."

चेहरा धुतलेला होता. पदर नीट खोचलेला. तिने मला वाटेत त्रास झाला का विचारलं, मुलं किती विचारलं. मी चहा पीत असताना अंगणाचं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, सरकवून एक म्हातारी आत आली, हातात प्रसादाचा अर्धा नारळ. पायरीशी येऊन ती थबकली. तिने मान वर करून हवेत हुंगलं.

"यशवंता?"

"नाही, आई," दर्शना म्हणाली. "ह्यांच्या जहाजावरचे भाऊजी आहेत."

"काय कळलं का माझ्या पोराचं?"

दर्शनाने माझ्याकडे बघितलं नाही. पुढे होऊन सासूच्या हातातला नारळ घेतला, तिला दंडाला धरून पायरीवर बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी बसली.

"कळलं," ती म्हणाली. "डेकवर पाय घसरला त्यांचा. गेले ते."

त्या घरात तोवर कोणी 'गेले' म्हटलं नव्हतं. म्हातारीने ते लगेच ऐकलं नाही. मग ऐकलं. शेजारच्या घरांतून बायका धावत येऊ लागल्या तेव्हा मी बूट हातात घेऊनच बाहेर पडलो.

त्यानंतर मी आणखी बरीच वर्षं जहाजांवर होतो. त्या विमानतळावरूनही पुन्हा गेलो. ते जॅकेट बायकोने कितीदा धुतलं, शेवटी कंटाळून कोणाला तरी देऊन टाकलं. सोलकरचाचांनी एकदाच फोन करून विचारलं होतं, "तिला पोचला का रे वास?" मी म्हटलं, "पोचला." त्यांनी पुढे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आता ते नाहीत. पायरीवर बसलेली ती म्हातारीही नाही. पाय घसरला, हे आता त्या गावात सगळ्यांना माहीत आहे. कसा, कुठल्या बाजूने, लाट कशी आली, हेही लोक सांगतात म्हणे. मला कोणी विचारत नाही, तेच बरं.

गेल्या वर्षी केतकीचं लग्न झालं. आमंत्रणाला दर्शनावहिनींनी स्वतः फोन केला. मी चिपळूणहून गेलो. नवीन घर पुरं झालं होतं, वर मांडव होता. वहिनींचे केस पांढरे झालेत. गर्दीत त्या मला हाताला धरून पुढे घेऊन गेल्या आणि व्याह्यांना म्हणाल्या, "हे खातूभाऊजी. ह्यांच्या जहाजावर होते."

व्याह्यांनी मान हलवली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "म्हणजे अगदी शेवटपर्यंत बरोबर होतात तुम्ही."

वहिनींनी माझा हात सोडला नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या. "आमचं शेवटचं बोलणं झालं, तेव्हा हे तिथेच होते."